बीटाची आगगाडी

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे राजे येतात, लढाया येतात, तहनामे येतात. चिखलात रुतलेली गाडी काही येत नाही. पण फ्रान्समधल्या एका चिमुकल्या लोहमार्गाची हकीकत चिखलापासूनच सुरू होते, आणि म्हणूनच ती मला सांगावीशी वाटते.

पॅरिसच्या दक्षिणेस पती-बूर येथे पॉल दकोव्हील यांची मोठी शेती होती. 1875 साली बीटाचे पीक उदंड आले. पण पावसाने शेतांचा असा राडा झाला की घोड्यांच्या गाड्या आत शिरेनात. दिवाळीच्या सुमारास आपल्याकडे ऊस तोडणीला येतो. त्या दिवसांत भरली गाडी ओल्या शेतात रुतलेली ज्याने पाहिली असेल, त्याला दकोव्हील यांची तळमळ वेगळी सांगायला नको. त्यांनी लोखंडी रूळ आडव्या पट्ट्यांवर आधीच जोडून शिडीसारखे तुकडे केले, ते चिखलावर नुसते मांडले आणि त्यांवरून बीटाचे डबे माणसांकडून ढकलवले. एका शेतातले काम संपले की शिडी उचलायची आणि दुसरीकडे मांडायची!

ही युक्ती खाणी, कारखाने, मळे अशी सर्वत्र पसरली. 1889 च्या पॅरिस प्रदर्शनात 60 सेंटिमीटर रुंदीच्या अशाच गाडीतून साठ लाखांहून अधिक माणसे हौसेने फिरली. पण लष्कराचीही नजर तिच्यावर होतीच. कॅप्टन पेशो यांनी हेच रूळ तोफखान्यासाठी मजबूत करविले होते. पाच मीटरांचा एक तुकडा चार शिपायांनी उचलावा, असा हिशेब. बीटासाठी जन्मलेली वाट आता तोफगोळ्यांसाठी सज्ज झाली.

1916 साली सोम नदीच्या खोऱ्यात लढाई पेटली, तेव्हा खंदकांना रसद पुरवायला फ्रॉसी गावापासून असाच मार्ग टाकला गेला. काप्पीजवळच्या चढावर, आपल्या बोरघाटात पूर्वी होई तसे, गाडीला दिशा बदलून उलटे चढावे लागते. पलीकडचे दोंपिएर गाव लढाईत जमीनदोस्त झाले होते.

युद्ध थांबले. आता हे रूळ उखडून भंगारात जातील, असे कोणालाही वाटले असते. पण तसे झाले नाही. मोडलेली गावे उभी करायला लागणारा माल याच वाटेने आला. पुढे दोंपिएरचा साखर कारखाना तिच्यावर विसंबला, तो 1972 पर्यंत. म्हणजे युद्धाची चाकरी थोड्या वर्षांची, आणि शेताची नि संसाराची पन्नासाहून अधिक वर्षांची!

1971 पासून रेल्वेच्या नादी माणसांनी हा मार्ग जपला आहे. उन्हाळ्यात आईबाप मुलांना घेऊन त्या उघड्या डब्यांत बसतात. मुलांना इंजिनाच्या शिट्टीचे अप्रूप. त्यांना दारूगोळाही ठाऊक नसतो आणि बीटही. मला यात विस्मृतीचे दुःख वाटत नाही. चिखलातून पीक घरी आणण्यासाठी निघालेली गाडी इतका फेरा घेऊन अखेर हसत्या मुलांपर्यंत पोचली, हे काय थोडे झाले?