हुकूमनामा, फेड आणि पत

हट्ट्याच्या आमच्या माळवदाच्या घरात एक लोखंडी ट्रंक आहे. लक्ष्मीपूजनाला ती उघडायची, आतली कागदपत्रे पुसून हळदकुंकू लावून पुन्हा ठेवायची, ही वडिलांची रीत. त्या कागदांत निजामी अमलातला एक उर्दू हुकूमनामा आहे. मला उर्दू येत नाही. वसमतच्या एका निवृत्त शिक्षकांनी तो वाचून दाखवला. पणजोबांवर सावकाराने लावलेला दावा साबीत झाला, मुद्दल अमुक, व्याज अमुक, रक्कम हाली रुपयांत. हुकूमनाम्याला टाचलेली एक मळकी चिठ्ठी आहे आणि तिच्यावर मराठीत दोनच शब्द आहेत : ‘रक्कम पोचली’. सही नाही, तारीख नाही.

आजी सांगायची, “दोनदा फेडलं रे बाबा. एकदा सावकाराला, न् एकदा कचेरीला.” लहानपणी मला वाटे, ही आजीची अतिशयोक्ती. पुढे दिवाणी कायद्याचा इतिहास वाचू लागलो तेव्हा कळले की असे होणे त्या काळी मुळीच विशेष नव्हते.

हट्टा तेव्हा हैदराबाद संस्थानातल्या परभणी जिल्ह्यात होते. (हिंगोली जिल्हा झाला तो अगदी अलीकडे, 1 मे 1999 रोजी.) इंग्रजी मुलखातले कायदे इथे चालत नसत. पण हुकूमनामा झालेल्या कुळाचे पुढे काय होते, त्याची गेलेली पत कशी परत येते किंवा येत नाही, हे तपशिलाने पाहायचे तर इंग्रजी मुलखातच जावे लागते. पुणे-नगरच्या शेतकऱ्यांनी 1875 साली दंगा केला, त्यावर सरकारने आयोग नेमला आणि त्या आयोगाने सावकार, कूळ आणि कोर्ट या तिघांच्या व्यवहाराचा कागदोपत्री पंचनामा करून ठेवला.

12 मे 1875 रोजी सुप्याच्या बाजारात दंगा झाला हे बहुतेकांना ठाऊक असते. त्याच्या आधीची गोष्ट शिरूर तालुक्यातल्या करडे गावची आहे. डिसेंबर 1874 मध्ये कालूराम नावाच्या सावकाराने बाबासाहेब देशमुख या कर्जदारावर ताबा मिळवण्याचा हुकूमनामा आणला. कर्ज होते दीडशे रुपयांचे. सावकाराने देशमुखांचे घर पाडायला घेतले आणि गाव उलटले. सावकारांवर बहिष्कार पडला व तो आसपासच्या गावांत पसरला. दंगेखोरांनी पुढे जे केले तेही ध्यानात घेण्याजोगे आहे. माणसांवर हात टाकण्याचे प्रसंग कमी. त्यांना हवे होते ते खत, रोखे आणि हुकूमनामे. कागद हाती आला की तो जाळायचा. आपला शत्रू कोण हे त्या लोकांनी नेमके ओळखले होते असे मला वाटते.

कारण 1859 साली दोन कायदे एकापाठोपाठ आले. मुदतीच्या कायद्याने साध्या खताला तीन वर्षांची मुदत घातली. हेतू चांगला, पण परिणाम असा की सावकार दर तीन वर्षांनी खत फिरवून घेऊ लागला. मागचे व्याज मुद्दलात जमा आणि नव्या खतावर नवा अंगठा. (आमच्याकडे पीककर्जाचे ‘नवं-जुनं’ करतात, त्याची ही पणजी म्हणायची.) दुसरा कायदा दिवाणी कामकाजाचा. त्यात एक कलम असे होते की हुकूमनाम्याची रक्कम कोर्टाबाहेर दिली तर ती कोर्टाला कळवून नोंदवली गेली पाहिजे. नोंद नसेल तर कोर्ट ती फेड मानणार नाही.

इथे आजीच्या बोलण्याचा उलगडा होतो. खेड्यातले कूळ कोर्टात जाऊन पैसे भरीत नसे. सुगी झाली की ते सावकाराच्या ओट्यावर ज्वारीचे पोते नाहीतर कापूस घालून येई. सावकार म्हणे, पोचले. कोर्टाच्या दप्तरात मात्र हुकूमनामा कोराच. वर्ष-दोन वर्षांनी दरखास्त दाखल होई, जप्तीचा बेलीफ दारात येई, आणि कूळ ‘मी फेडले’ म्हणून ओरडत राही. कूळ खोटे बोलत नसे आणि कोर्टही कायद्याने वागत असे. फेडणे आणि फेडल्याची नोंद होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढेच त्या माणसाला कुणी सांगितले नव्हते.

आयोगाच्या अहवालानंतर 1879 साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला, तो पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी. त्याची कर्जाला कात्री लावणारी कलमे पुष्कळांनी लिहिली आहेत. कोर्टाने नुसत्या खतावर न जाता व्यवहाराचा मुळापासून इतिहास तपासावा, व्याज मुद्दलाच्या वर जाऊ देऊ नये, हुकूमनाम्याचे हप्ते बांधून द्यावेत, शेतकऱ्याला देण्यापायी तुरुंगात टाकू नये. न्यायमूर्ती रानडे यांनी या कायद्याखाली खास न्यायाधीश म्हणून काम केले.

मला जास्त महत्त्वाची वाटतात ती त्याच कायद्यातली, कुणाचे फारसे लक्ष न गेलेली कलमे. शेतकऱ्याने पैसे दिले की त्याला लेखी पावती मिळालीच पाहिजे. दरसाल हिशेबाचा उतारा मागता आला पाहिजे. आणि त्याने मागितले तर खाते लिहून ठेवलेले पासबुक दिले पाहिजे. न देणाऱ्या सावकाराला दंड. 1879 सालातले पासबुक! कायदा करणाऱ्याने दुखणे बरोबर हेरले होते. पण ज्याच्याकडून मृगाला बियाणे घ्यायचे, त्याच्याच ओट्यावर बसून पासबुक मागायला कोण धजावणार?

आणि पत? ती कायद्याने वाढली नाही, उलट आटली. हुकूमनाम्यातून पूर्वीइतके हाती लागत नाही असे दिसताच सावकार गहाणखताऐवजी सरळ खरेदीखत मागू लागले. कूळ कागदावर जमीन विकून तीच जमीन खंडाने कसू लागले. कर्ज कमी करणे आणि पत परत देणे ही एकच गोष्ट नव्हे, हे विल्यम वेडरबर्न आणि रानडे यांनी ओळखले होते. त्यांनी 1882-83 च्या सुमारास पुरंदर तालुक्यासाठी शेतकी बँकेची योजना मांडली : आधी जुनी देणी तडजोडीने एकदम मिटवायची, मग स्वच्छ खात्यावर नवे कर्ज. रिपनच्या सरकारने ती उचलून धरली, विलायतेतून नकार आला. सहकारी पतपेढ्यांचा कायदा व्हायला 1904 साल उजाडले, हैदराबाद संस्थानात 1914. या पहिल्या सोसायट्यांत सभासदांची जबाबदारी अमर्याद असे. तुम्ही बुडवले तर शेजारी भरणार. एकदा कोर्टाची पायरी चढलेल्या माणसाला त्यामुळे निदान एक वाट सापडे. चार शेजारी ‘हा माणूस बुडवणारा नव्हे’ म्हणाले की पुरे. अर्थात तेच शेजारी ‘नको’ही म्हणू शकत, आणि त्यावर अपील नसे.

इतके सगळे खणून काढायचे कारण माझा चुलतभाऊ. हट्ट्यालाच असतो, हळद करतो. एका बँकेकडून ट्रॅक्टरसाठी कर्ज घेतले होते; 2014 आणि 2015 ची दोन्ही वर्षे मराठवाड्यात कोरडी गेली, हप्ते थकले, दिवाणी कोर्टात हुकूमनामा झाला. पुढे बँकेने एकरकमी तडजोड देऊ केली. त्याने एकरभर रान विकून शाखेत पैसे भरले, पावती घेतली आणि गावात पेढे वाटले. तीन वर्षांनी हळद शिजवायच्या बॉयलरसाठी दुसऱ्या बँकेत गेला तर उत्तर आले, सिबिल खराब आहे.

“दादा, मी तर फेडलं ना?” तो मला विचारत होता. मला ट्रंकेतली चिठ्ठी आठवली.

सिबिल ही संस्था 2000 साली स्थापन झाली, पतविषयक माहिती कंपन्यांचा कायदा 2005 चा. 300 ते 900 या आकड्यांत आता माणसाची पत सांगतात. भावाच्या अहवालात खाते ‘सेटल्ड’ होते, ‘क्लोज्ड’ नव्हते. तडजोडीत बँकेने जे सोडले ते सोडले अशी नोंद राहते, आणि पुढच्या बँकेला ती अर्धी फेड दिसते. शिवाय कोर्टात कुणीच काही कळवले नव्हते. तिथला नियम आजही 1859 च्याच वळणाचा आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 21, नियम 2 प्रमाणे कोर्टाबाहेरची फेड नोंदवावी लागते. ऋणकोने अर्ज करायचा तर मुदत तीस दिवसांची. हुकूमनामा मात्र बारा वर्षे जिवंत राहतो.

मग आम्ही क्रमाने लागलो. ऋणकोची मुदत केव्हाच टळली होती, पण फेड झाल्याचे धनकोने कळवायला हरकत नव्हती; म्हणून बँकेच्या वकिलांकडूनच पूर्ण फेडीची पुरशिस दाखल करून घेतली. सोडलेल्या रकमेबद्दल बँकेशी बोलून फरक भरला आणि बेबाकी दाखला घेतला, खाते क्रमांक व तारखेसह. तो घेऊन तलाठ्याकडे. सातबाराच्या ‘इतर हक्कां’त बोजा तसाच होता, तो फेरफाराने कमी झाला. शेवटी पत अहवालावर तक्रार. वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो हे भावाला माहीत नव्हते, मलाही नव्हते. तक्रार तीस दिवसांत मिटवावी लागते, आणि रिझर्व्ह बँकेच्या नियमाने एप्रिल 2024 पासून उशिराच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई आहे. 1879 च्या दंडाचाच हा नातू. फरक इतकाच की पासबुक मागायला आता ओट्यावर बसावे लागत नाही.

आता पीककर्जाला सिबिल मागू नका असे मुख्यमंत्र्यांनी 2025 साली बँकांना बजावले आहे. त्याने खरिपाची अडचण थोडी हलकी होईल. बॉयलर मात्र पीककर्जात बसत नाही.

खाते ‘क्लोज्ड’ झाल्याचा संदेश भावाला विसाव्या दिवशी आला. आकडा लगेच चढला नाही, थकलेल्या महिन्यांचा इतिहास अहवालात राहतोच. शाखेतल्या साहेबांनी सुचवले, सोन्यावर छोटे कर्ज घ्या आणि वर्षभर हप्ते वेळेवर भरा, मग या. वहिनीच्या पाटल्या त्यासाठी गेल्या आहेत. यंदाची हळद भाड्याच्या बॉयलरवर शिजली, आणि खत-औषध गावातल्या कृषी सेवा केंद्रवाल्याने उधारीवर दिले. त्याने सिबिल विचारले नाही. वहीत नाव लिहिले, आणि भावाने या वेळी त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून घेतला.