पांढरं जहाज आणि देवळालीचा ताप

इंग्रजीत एखाद्याचं डोकं फिरलंय असं म्हणायचं तर 'डूलाली' म्हणतात. हा शब्द आपल्या नाशिकजवळच्या देवळालीचा. मूळ शब्दप्रयोग होता 'डूलाली टॅप', आणि त्यातला टॅप म्हणजे आपला ताप. मायदेशी नेणाऱ्या जहाजाची वाट बघत देवळालीच्या छावणीत पडून राहिलेल्या गोऱ्या शिपायांचा हा आजार. आज ते जहाज आतून बघू.

1857 नंतर इंग्रजांनी ठरवलं, हिंदुस्थानात गोरं सैन्य भरपूर ठेवायचं. पुढे 1870 च्या कायद्याने पलटणीतली नोकरी सहा वर्षांवर आणली, म्हणजे माणसांची ने-आण आणखी वाढली. त्यासाठी 1866-67 मध्ये पाच मोठी वाफेची जहाजं पाण्यात उतरली होती: क्रोकोडाइल, युफ्रेटिस, जमना, मलबार आणि सेरापिस. सगळी पांढरीशुभ्र, ओळखायला प्रत्येकाला वेगळ्या रंगाचा पट्टा. जमनाचा लाल, सेरापिसचा हिरवा. सुएझ कालवा 1869 मध्ये खुला झाला. त्याआधी दोन जहाजं पोर्टस्मथ ते अलेक्झांड्रिया जायची, मग रेल्वेने सुएझ, आणि तिथून उरलेली तीन मुंबईपर्यंत.

एका जहाजात बायकापोरांसकट बाराशेच्या आसपास माणसं. अधिकाऱ्यांना केबिन, शिपायाला कॅनव्हासची झोळी. शेकडो झोळ्या छताच्या आकड्यांना शेजारी शेजारी टांगलेल्या. जहाज कललं की सगळी रांग एकदम झुलणार, शेजाऱ्याचं कोपर आपल्या बरगडीत! सकाळी झोळी गुंडाळून जमा करायची, कारण त्याच जागेत जेवणाची टेबलं. मग अनवाणी पायांनी डेक घासायचा, हजेरी, तपासणी. प्रत्येक टेबलाचा एक जण भटारखान्यातून सगळ्यांचं जेवण आणायचा. खारवलेलं मांस, वाटाण्याचं सूप, दगडासारखी बिस्किटं. बहुतेक रोज तेच.

आणि मग? मग काहीच नाही. मला हा भाग सगळ्यात बोलका वाटतो. बंदूक जमा केलेली, जहाज चालवायला खलाशी आहेत, कवायतीला जागा नाही. पत्ते, गाणी, कधी बॉक्सिंग, नाहीतर कठड्याला टेकून पाणी बघत बसणं. पाईप ओढायचा तर वरच्या डेकवरच, खाली ठिणगीची भीती. रात्रीसुद्धा आगीसाठी पहारा. तांबड्या समुद्रात खाली इतकं उकडायचं की परवानगी मिळाली तर लोक उघड्या डेकवर झोपायचे. कोणी वारलं तर कापडात शिवून, वजन बांधून समुद्रात सोडायचं, की जहाज पुढे.

बायकांची जागा वेगळी. तीही पलटणीच्या यादीत नाव असलेल्या बायकांनाच. परवानगीशिवाय लग्न केलेल्याची बायको धक्क्यावरच राहायची.

आता कोणी म्हणेल, राज्य करायला आलेल्यांचं आपल्याला काय? बरोबर आहे. पण या ने-आणीचा खर्च हिंदुस्थानच्या तिजोरीतून जायचा, म्हणजे आपल्या शेतकऱ्याच्या साऱ्यातून. लष्कराचा असा बोजा हिंदुस्थानवर का, हे दादाभाई नौरोजी वर्षानुवर्षं विचारत राहिले. म्हणून ही जहाजं आपल्याही इतिहासात येतात.

जहाजं साधारण शरद ऋतू ते वसंत एवढ्याच काळात धावायची, उन्हाळा आणि पावसाळा टाळून. नोकरी संपलेला शिपाई आपल्या ठाण्यावरून देवळालीला यायचा. हंगामाचं शेवटचं जहाज सुटून गेलेलं असेल, तर पुढचे कित्येक महिने तिथेच. काम नाही, ऊन आहे, दारू आहे, हिवताप आहे. डोकं फिरायला आणखी काय लागतं? जहाज आलं की रेल्वेने कसारा घाट उतरून मुंबई बंदर, आणि पुन्हा तीच झोळी. घरी जाणाऱ्यांची ही धांदल इंग्लंडातही इतकी ओळखीची होती की रुडयार्ड किपलिंगच्या 'ट्रूपिन' या कवितेत मलबार आणि जमना नावानिशी आलीत.

बंदरातून सुटलं म्हणजे सुटलो, असंही नसायचं. ऑक्टोबर 1893 मध्ये क्रोकोडाइल मुंबईहून शेवटच्या फेरीला निघालं. 3 नोव्हेंबरला एडनजवळ इंजिनाचा वाफेचा सिलिंडर फुटला आणि जहाज समुद्रात ठप्प! दुसऱ्या दिवशी ते ओढत एडनपाशी आणलं. बहुतेक शिपाई आणि त्यांची कुटुंबं दुसऱ्या जहाजांनी घरी गेली. क्रोकोडाइल उरलेल्या सिलिंडरवर रखडत 30 डिसेंबरला पोर्टस्मथला पोचलं, आणि पुढच्याच वर्षी भंगारात निघालं.