तोटा, हेतू आणि एक लीग समुद्र

बारामती-इंदापूर हा मुलूख समुद्रापासून दूर. इथल्या कऱ्हा, नीरा आणि भीमा या नद्यांचे पाणीही शेवटी पूर्वेकडे, बंगालच्या उपसागराला जाते. तरीही अरबी समुद्रातल्या माशांच्या संरक्षणाचा इतिहास शोधताना मला पहिला धागा इथल्या नदीकाठीच सापडला. तो धागा म्हणजे १८९७ चा भारतीय मत्स्य अधिनियम.

हा कायदा आला तेव्हा पुणे प्लेग आणि दुष्काळाने हैराण झाले होते. त्याच वर्षी जूनमध्ये रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्या गदारोळात माशांविषयीच्या एका छोट्या कायद्याकडे कोण बघणार? पण त्यामागे बरीच वर्षे साचलेली काळजी होती. फ्रान्सिस डे या अधिकाऱ्याने १८७३ मध्ये हिंदुस्थान व ब्रह्मदेशातील गोड्या पाण्याच्या मासेमारीवर अहवाल लिहिला आणि मत्स्यधनाचा बेसुमार नाश सरकारपुढे मांडला. नोबेलने १८६७ मध्ये डायनामाइटचे पेटंट घेतले होते. तीस वर्षांच्या आत ते माशांवर वापरायला कायद्याने बंदी घालावी लागली, यातच सारे आले.

कायद्याचे चौथे कलम सांगते की मासे पकडण्याच्या किंवा मारण्याच्या हेतूने कोणत्याही पाण्यात डायनामाइट अथवा स्फोटक वापरणे हा गुन्हा आहे. शिक्षा दोन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोनशे रुपयांपर्यंत दंड. पाचवे कलम विष आणि चुन्याबद्दल आहे, आणि तिथेही अट हेतूचीच. चौथ्या कलमातल्या ‘पाणी’ या शब्दात समुद्रही धरला आहे, पण किनाऱ्यापासून एक सागरी लीगपर्यंतच. म्हणजे तीन सागरी मैल, सुमारे साडेपाच किलोमीटर.

आमच्याकडे हे कलम समजावून सांगावे लागत नाही. काळ्या पाषाणात विहीर खोदायची तर सुरुंग लावून बार उडवावा लागतो, आणि जिथे विहिरींसाठी तोटे येतात तिथून एखादा तोटा डोहाकडे जायला वेळ लागत नाही. पाण्यात स्फोट झाला की दाबाची लाट माशाच्या पोटातली हवेची पिशवी फोडते. थोडे मासे वर तरंगतात, बरेच तळाला जातात, आणि बोटाएवढी पिल्लेही त्यातच संपतात. १९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झाले आणि पळसदेवपासून भिगवण-कुंभारगावपर्यंत पाणी पसरले. जुने पळसनाथाचे मंदिर बुडाले, जिराईत गावांना मासेमारी मिळाली. आज भिगवणच्या मासळी बाजारात चिलापी, कटला, रोहूचे ढीग लागतात. तोटा टाकणारा हा सगळ्यांचा ऐवज लुटतो, हे इथल्या मच्छिमाराला कायदा न वाचताही कळते.

आता समुद्राकडे वळू. साठच्या दशकात ‘अकादेमिक अर्खांगेल्स्की’ या सोव्हिएत जहाजाने खंबायतच्या आखाताच्या परिसरात भूकंपीय सर्वेक्षण केले. फेब्रुवारी १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ने मुंबई हायला तेल शोधले. मुंबईपासून हे क्षेत्र सुमारे १६० किलोमीटरवर आहे. तेल आहे ते चुनखडकात, आणि त्याखाली दख्खनचा बेसाल्ट, म्हणजे बारामतीच्या विहिरीत लागतो तोच काळा दगड. समुद्रातही पूर्वी अशा शोधासाठी सुरुंगच फोडत. पुढे दाबलेली हवा एकदम सोडणाऱ्या ‘एअरगन’ आल्या. जहाज त्यांची रांग ओढत नेते, साधारण दहा-पंधरा सेकंदांनी बार होतो, आणि तळाखालच्या थरांवरून परतलेला प्रतिध्वनी मागच्या काही किलोमीटर लांब केबलमधले ध्वनिग्राहक टिपतात. हे दिवसरात्र, आठवडेच्या आठवडे चालते.

तोट्याइतके हे तत्काळ मारक नाही, म्हणून ते बरेच दिवस निरुपद्रवी मानले गेले. नंतरच्या प्रयोगांनी हा समज हलवला. १९९२ मध्ये नॉर्वेजवळच्या बॅरेंट्स समुद्रात झालेल्या प्रयोगात कॉड व हॅडॉकची ट्रॉलची पकड साऱ्या अभ्यासक्षेत्रात सरासरी निम्म्याने घटली. बार थांबल्यावर पाच दिवसांतही ती पूर्ववत झाली नाही. २००३ मध्ये ऑस्ट्रेलियातील अभ्यासात माशांच्या कानातल्या संवेदी पेशींची हानी दिसली. २०१७ मध्ये टास्मानियाजवळ एअरगननंतर मेलेल्या प्राणिप्लवकांचे प्रमाण दुप्पट-तिप्पट आढळले. आपल्या समुद्रातले घोळ आणि ढोम्याच्या कुळातले मासे तर त्याच हवेच्या पिशवीच्या मदतीने आवाज काढतात. त्यांच्यासाठी आवाज हेच एकमेकांना हाक मारण्याचे साधन आहे. अरबी समुद्रातला कुबड देवमासा दुसऱ्या समुद्रात स्थलांतरही करत नाही. त्याने जावे कुठे?

१८९७ चे कलम इथे का चालत नाही, ते पाहा. एअरगन स्फोटक पदार्थ नव्हे. ती वापरणाऱ्याचा हेतू तेल शोधण्याचा असतो, मासे मारण्याचा नव्हे. आणि काम चालते एका लीगच्या कितीतरी पलीकडे. राज्याचा १९८१ चा सागरी मासेमारी नियमन कायदा मासेमारीवर लक्ष ठेवतो, तेलशोधावर नाही. पावसाळ्यात समुद्र खवळलेला, म्हणून सर्वेक्षण उघाडीच्या महिन्यांत होते. नारळी पौर्णिमेनंतरचा मासेमारीचा हंगामही नेमका तोच. जाळी बाजूला घ्या, होड्या दूर ठेवा, असे सांगितले जाते, आणि पालघरपासूनचे मच्छिमार नुकसानभरपाई मागत राहतात. बारामती-इंदापूरच्या आठवडी बाजारात विकायला येणारे सुके बोंबील, सुकट आणि जवळा याच किनाऱ्यावरून येतात.

तेल नको असे मी म्हणत नाही. आमचे ट्रॅक्टर डिझेलवरच चालतात. प्रश्न कायद्याने काय मोजायचे, हेतू की परिणाम, हा आहे. गोड्या पाण्यात हे उत्तर आपण एकदा शोधले आहे. पुणे-पिंपरीचे सांडपाणी उजनीत येते, तेव्हा ते सोडणाऱ्यांचा मासे मारण्याचा हेतू नसतो. १८९७ चे पाचवे कलम तिथे हतबल होते. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याने प्रदूषणाची व्याख्या परिणामावरून केली आणि त्यात जलचरांची हानीही धरली. राज्याने तो कायदा १९८१ मध्ये स्वीकारला. अंमलबजावणी किती झाली, हे उजनीचे हिरवे पाणीच सांगते. पण निदान बोट ठेवायला कलम तरी मिळाले.

समुद्रासाठीही शब्द उपलब्ध आहे. १९८२ च्या संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायदा करारात प्रदूषणाच्या व्याख्येत ‘पदार्थ किंवा ऊर्जा’ असे म्हटले आहे. आवाज ही ऊर्जाच. भारताने १९९५ मध्ये या कराराला मान्यता दिली. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये सर्वेक्षणासाठी मार्गदर्शक नियम आले. आजच्या रूपात ते सांगतात की बार सुरू करण्याआधी अर्धा तास पाहणी करा, पाचशे मीटरच्या आत देवमासा किंवा डॉल्फिन दिसला तर थांबा, आणि आवाज किमान वीस मिनिटे हळूहळू वाढवा. आपल्याकडे मात्र जानेवारी २०२० मध्ये समुद्रातील तेलशोधाला जनसुनावणी न लागणाऱ्या प्रवर्गात टाकले गेले.

ब्रिटनसारखे नियम इथे बंधनकारक करणे, प्रजननाच्या जागा व महिने टाळणे आणि मच्छिमारांना आधी विचारून भरपाईचे सूत्र ठरवणे, एवढे तरी करता येईल. १८९७ च्या सरकारला डोहातला तोटा दिसला आणि त्याने दोनशे रुपयांचा का होईना दंड ठेवला. एका लीगपलीकडच्या बारासाठी आपल्या कायद्यात अजून तेवढीही ओळ नाही.