नवऱ्याची मारहाण : जिवावरचा धोका केव्हा वाढतो?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) कर्नाटकातल्या सुमारे ४४ टक्के विवाहित महिलांनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलं. देशाचं प्रमाण २९ टक्के आहे. पण प्रत्येक घरातला धोका सारखा नसतो.

नवऱ्याचं दारूचं व्यसन, सततचा संशय, हत्याराचा धाक, गरोदरपणातली मारहाण ही गंभीर इजेची लक्षणं. बाई घर सोडायला निघाली की धोका कमी होत नाही, उलट वाढतो. त्यामुळे निघण्याचं आधी विश्वासातल्या माणसाला सांगून ठेवावं.

सर्वांत घातक म्हणजे गळा दाबणं. अमेरिकेतल्या अभ्यासात अशा महिलांचा पुढे खून होण्याची शक्यता सुमारे सात पट आढळली. गळ्यावर वळ नसला तरी आवाज बसला, गिळताना दुखलं, चक्कर आली तर लगेच दवाखाना गाठावा. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानुसार पीडितेने मागितल्यास दवाखान्याला उपचार द्यावेच लागतात.

महिला हेल्पलाइन १८१, तातडीला ११२. शेजारीही संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतात. चांगल्या हेतूने माहिती देणाऱ्यावर कारवाई होत नाही. ‘घरचा मामला’ म्हणून गप्प बसू नका.