घरगुती पाळणाघर: नव्या मुलाला प्रवेश देताना काय विचारावे, काय लिहून घ्यावे?

शहरांत आणि तालुक्याच्या गावांतही अनेक स्त्रिया राहत्या घरात पाळणाघर चालवतात. चार-सहा मुले, एखादी मदतनीस आणि ओळखीतून येणारी नवी कुटुंबे, असे त्याचे साधारण स्वरूप असते. ओळखीतून काम मिळते, म्हणून प्रवेशाची बोलणीही बऱ्याचदा दारातच उरकतात. "उद्यापासून आणू का?" "आणा की!" पुढे मुलाला एखाद्या पदार्थाची ॲलर्जी निघते, न्यायला भलताच माणूस येतो किंवा सुट्टीच्या महिन्याच्या पैशांवरून वाद होतो, तेव्हा हे आधी बोलायला हवे होते असे दोन्ही बाजूंना वाटते.

मूल किती लहान असू शकते?

मातृत्व लाभ कायद्यात २०१७ मध्ये बदल झाला आणि पहिल्या दोन अपत्यांसाठी भरपगारी रजा १२ वरून २६ आठवड्यांची झाली. यातले ८ आठवड्यांपर्यंत प्रसूतीआधी घेता येतात. ते घेतले असतील तर आई कामावर परतताना बाळ जेमतेम चार महिन्यांचे असते. कायद्याने ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय करणे आणि आईला दिवसातून ४ वेळा तिथे जाऊ देणे बंधनकारक आहे. छोट्या दुकानांत, दवाखान्यांत किंवा शिकवणी वर्गांत काम करणाऱ्या आयांना मात्र शेजारच्या काकूंचाच आधार असतो. त्यामुळे पहिल्याच फोनवर मुलाचे वय, वेळा आणि कधीपासून यायचे हे विचारावे. रांगणारी दोन बाळे आधीच असतील, तर तिसरे आपल्या हातांना झेपेल का, याचा हिशेब भेटीआधीच करावा.

पहिली भेट

भेट पाळणाघरातच आणि शक्यतो आई-वडील दोघांच्या उपस्थितीत व्हावी. वेळ निवांत असावी. मुलांच्या जेवणाच्या किंवा झोपेच्या वेळी पालकांना बोलावले, तर ना मुलांकडे लक्ष राहते ना बोलण्याकडे. मूलही सोबत असू द्यावे. ते कोणाच्या कडेवर राहते, खेळण्याकडे जाते की आईचा पदर सोडत नाही, हे पाहून बरेच कळते.

चालकाने विचारायच्या गोष्टी:

• मूल काय खाते, किती वेळा, भरवावे लागते का? अंगावरचे दूध सुटले आहे का?
• झोपताना काय लागते: झोळी, थोपटणे, एखादे पांघरूण?
• ॲलर्जी, दमा, सुरू असलेली औषधे. तापात कधी झटका आला होता का? असे झटके प्रामुख्याने ६ महिने ते ५ वर्षे या वयात येतात, म्हणून हा प्रश्न मुद्दाम विचारावा.
• लसीकरण कुठपर्यंत झाले आहे? कार्ड पाहावे आणि त्याची प्रत घ्यावी.
• आधी दुसऱ्या पाळणाघरात होते का? असल्यास का सोडले?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर शांतपणे ऐकावे. घर बदलले, वेळ जुळेना, ही सरळ कारणे झाली. पण आधीच्या प्रत्येक ठिकाणी चूक दुसऱ्याचीच होती असे कोणी सांगत असेल, तर अपेक्षा काय आहेत हे अधिक नेमकेपणाने विचारून घ्यावे.

पालकांच्या प्रश्नांचा राग मानू नये

घरात आणखी कोण राहते? दुपारी कोण येते-जाते? मुले एकटी कोणाजवळ असतात का? हे प्रश्न अवघड वाटतात, पण पालकांनी ते विचारायलाच हवेत. चालकाने तर न विचारताच सांगावे: घरात सासरे असतात, मुलगा कॉलेजातून तीनला येतो, मुलांना शी-शूला मी किंवा मदतनीसच नेते. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे समजल्यास पोलिसांना कळवणे २०१२ च्या पोक्सो कायद्याने प्रत्येकावर बंधनकारक केले आहे. पाळणाघर चालवणाऱ्या व्यक्तीला ही जबाबदारी टाळता येत नाही. मुलांसाठीची मदतवाहिनी १०९८ आणि आपत्कालीन क्रमांक ११२ भिंतीवर दिसेल असा लावावा.

जिना, गॅलरीची जाळी, स्वयंपाकघराचे दार, पाण्याच्या बादल्या हे सगळे पालकांना फिरून दाखवावे. "मधेच भेटायला आले तर चालेल का?" याचे उत्तर "हो" असावे. झोपेच्या वेळेत बेल न वाजवता फोन करा, एवढी अट पुरे.

लेखी काय घ्यावे?

ओळखीच्या माणसाकडून लिहून घेणे अनेकींना जड जाते. पण कागद अविश्वासाचा नसतो. दोघांच्या आठवणीत फरक पडू नये म्हणून तो असतो. दोन पानांचा अर्ज पुरतो. त्यात पुढील गोष्टी असाव्यात:

• मुलाचे नाव, जन्मतारीख, पालकांचे क्रमांक, बालरोगतज्ज्ञांचे नाव व क्रमांक.
• पालकांचा फोन न लागल्यास कोणाला कळवायचे, आणि तातडीच्या उपचारांसाठी दवाखान्यात नेण्याची संमती.
• मुलाला कोण नेऊ शकते त्यांची नावे व फोटो. यादीबाहेरचा माणूस आला तर पालकांशी बोलल्याशिवाय मूल सोडायचे नाही, मग तो सख्खा काका का असेना.
• फी, अनामत, भरण्याची तारीख. दिवाळीत किंवा आजारपणात मूल आले नाही तर फी किती? उशीर झाल्यास तासाला किती?
• सोडताना किती दिवस आधी सांगायचे, आणि चालक आजारी पडल्यास काय सोय.
• मुलाचे फोटो काढून पाठवायचे का, कोणाला.

आई-वडील विभक्त असतील तर विशेष काळजी घ्यावी. एकाने तोंडी सांगितले म्हणून दुसऱ्याला मूल नाकारणे किंवा देणे, दोन्ही चालकाच्या अंगाशी येऊ शकते. ताब्याविषयी न्यायालयाचा आदेश असेल तर त्याची प्रत मागावी आणि त्याप्रमाणेच वागावे.

आजारपणाचा नियम

ताप, उलट्या, जुलाब, अंगावर पुरळ असताना मूल आणू नये, हा नियम प्रवेशाच्या दिवशीच सांगावा. सुट्टी न मिळणारी आई कधीकधी सकाळी औषध देऊन मूल सोडून जाते. तिची अडचण खरी असते, पण इतर मुलांचा धोकाही खरा असतो. म्हणून अशा दिवशी घरातले कोण थांबेल, हे तिच्याकडून आधीच ठरवून घ्यावे. पॅरासिटामॉलचे प्रमाण मुलाच्या वजनावर ठरते, त्यामुळे डॉक्टरांच्या लेखी सूचनेशिवाय आणि पालकांना विचारल्याशिवाय कोणतेही औषध देऊ नये. एक वर्षाखालील बाळाला मध चाटवू नये, घरच्यांनी सांगितले तरीही.

नाही म्हणायची वेळ

जागा नसताना, मुलाच्या गरजा आपल्याला पेलणाऱ्या नसताना किंवा पालकांना नियमच मान्य नसताना नकार देणे हिताचे असते. "आता माझ्याकडे एवढ्या लहान बाळाला पुरेसा वेळ देता येणार नाही" असे सरळ सांगावे. होकार देऊन महिन्याभराने मूल परत पाठवले, तर त्याचा त्रास सर्वात जास्त मुलालाच होतो.

रुळण्याचे दिवस

पहिल्या दिवशी तासभर, आई सोबत. मग आई थोडा वेळ बाहेर. मग जेवणापर्यंत, मग झोपेपर्यंत. यासाठी आठवडा-दोन आठवडे लागतात, म्हणून कामावर रुजू होण्याच्या आधीच सुरुवात करावी. साधारण आठव्या महिन्यापासून मुलांना आईपासून दूर होण्याची भीती वाटू लागते. तेव्हाचे रडणे पाळणाघर वाईट असल्याची खूण नव्हे. मूल खेळात असताना आईने गुपचूप निघून जाऊ नये. "मी संध्याकाळी येते" असे सांगून जावे, आणि सांगितलेल्या वेळी यावे.