पत्रा ठोकायचा की बदलायचा? एका पोच्याचा इतिहास

आजच्या भागाचा विषय तुमच्या घरासमोरच उभा आहे. संध्याकाळी साडेसातला प्रताप नगर चौकातून गाडी काढून बघा. कोणाच्या तरी बाईकचं हँडल कोणाच्या तरी दाराला लागतंच. मग दोन ठिकाणी विचारलं की दोन उत्तरं मिळतात. रिंग रोडवरचा डेंटर दारावरून हात फिरवतो आणि म्हणतो, "निघते न भाऊ, बदलवाचं काय काम?" सर्व्हिस सेंटरमधला ॲडव्हायझर टॅबवर फोटो काढतो आणि म्हणतो, "सर, पॅनल रिप्लेस करावं लागेल."

आपल्याला लगेच वाटतं, यातला एक जण आपल्याला फसवतोय. कधी तसं असेलही. पण बहुतेक वेळा दोघंही खरं बोलत असतात, फक्त वेगवेगळ्या काळातलं. हे दोन काळ समजून घेतले तर तिसरं उत्तर आपलं आपल्याला देता येतं.

सुरुवात शब्दापासून करू. डेंटला आपल्याकडे आधीपासून शब्द आहे: पोचा. तो गाडीचा नाही, भांड्यांचा शब्द. पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत तांब्याचा पत्रा हातोडीनं ठोकून घडवतात. त्या ठोकण्याला मठारणं म्हणतात. डेंटरचं काम तत्त्वानं तेच आहे. पत्र्याच्या मागे 'डॉली' नावाचा लोखंडी ठोकळा धरायचा, पुढून हलक्या हातानं हातोडी मारायची आणि पत्रा होता त्या जागी आणायचा. अडचण एकच असते. जोरात धक्का बसला की पत्रा ताणला जातो, म्हणजे क्षेत्रफळानं वाढतो. मग तो जागेवर आणला तरी फुगतो किंवा दाबला की 'टक्‌टक्' वाजतो. जाणता डेंटर अशा वेळी ठरावीक जागी गॅसनं तापवून, ओल्या फडक्यानं थंड करून पत्रा आकसवतो. घाईतला डेंटर खड्डा पुट्टीनं भरतो.

आता 'बदलणं' कुठून आलं? सुरुवातीच्या मोटारींची बॉडी म्हणजे लाकडी सांगाडा आणि त्यावर हातानं ठोकून बसवलेला पत्रा. एका गाडीचं दार दुसरीला तंतोतंत बसेल याची खात्री नव्हती. बदलायचं म्हणजे नवीन घडवायचं. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या एडवर्ड बड यांनी १९१२ साली कंपनी काढली आणि प्रेसमध्ये दाबलेल्या, वेल्डिंगनं जोडलेल्या पूर्ण पोलादी बॉड्या बनवायला घेतल्या. लवकरच डॉज कंपनी त्यांची मोठी गिऱ्हाईक झाली. एका डायमधून हजारो सारखी दारं निघायला लागली. तेव्हा पहिल्यांदा दार हा 'पार्ट' झाला, म्हणजे कपाटातून काढायचा आणि बसवायचा. आमच्या सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर तोपर्यंत प्रत्येक गाडीचा कोड वेगळा होता, आता कॉमन मॉड्यूल आलं.

प्रेसच्या बॉड्या आपल्याकडे आल्या. जनरल मोटर्सनं १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला गाड्या जुळवायला सुरुवात केली. १९४४ मध्ये सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली आणि पुढे कुर्ल्याच्या कारखान्यातून आधी क्रायसलरच्या, मग फियाटच्या गाड्या निघाल्या. पण १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनच्या शिफारशींनंतर सरकारनं ठरवलं की नुसते सुटे भाग आणून जुळवणाऱ्यांनी इथे राहू नये. जनरल मोटर्स आणि फोर्ड निघून गेल्या. मागे उरल्या मुख्यतः फियाट, अँबेसेडर आणि स्टँडर्ड.

सत्तरच्या दशकात अख्ख्या देशात वर्षाला पन्नास हजारांहून कमी मोटारी बनत होत्या. नव्या फियाटसाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसायचे. जिथे अख्खी गाडी मिळत नाही, तिथे तुमच्या एका दारासाठी कोण थांबणार? उलट हाताची मजुरी स्वस्त होती आणि पत्रा जाड होता, एक मिलिमीटरच्या घरातला. तो ठोका खाऊन परत जागेवर यायचा. म्हणून त्या काळचं उत्तर ठरलेलं होतं: ठोका.

हे उत्तर किती टिकाऊ होतं त्याचा पुरावा मुंबईनं दिला. फियाटचं नाव पुढे प्रीमियर पद्मिनी झालं आणि तिच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी, उत्पादन थांबल्यावरही, वीसेक वर्षं धावत राहिल्या. शेवटची नोंदलेली पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये बंद झाली. ती पत्र्यामुळे नाही, टॅक्सीच्या वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे. ठोकून, जोडून, रंगवून तोवर ती गाडी चालतच होती. आपल्या नागपुरात कामठी रोडवरच्या एका चौकाचं नावच ऑटोमोटिव्ह चौक आहे. आज ते मेट्रोच्या स्टेशनचंही नाव आहे.

दुसरा काळ सुरू झाला १४ डिसेंबर १९८३ ला. त्या दिवशी इंदिरा गांधींनी पहिल्या मारुती ८०० ची चावी दिली. पद्मिनी साधारण नऊशे किलोची, ही साडेसहाशेच्या आसपास. गाडी हलकी, पत्रा पातळ. आजच्या गाड्यांचा बाहेरचा पत्रा बहुधा पाऊण मिलिमीटरच्या आसपास असतो. तो पटकन ताणला जातो आणि हातोडीला पूर्वीइतकी मुभा देत नाही. त्याच वेळी गाड्या लाखांनी विकल्या जायला लागल्या, सुटे भाग बनवणारे कारखाने वाढले, अधिकृत सर्व्हिस सेंटरची साखळी उभी राहिली. दार कपाटात मिळायला लागलं. डेंटरचा एक दिवस महाग झाला आणि पार्ट तुलनेनं स्वस्त.

यात तिसरा माणूस शिरला तो विमा. जुलै २००२ पासून लागू झालेल्या मोटर टॅरिफमध्ये घसाऱ्याचा तक्ता होता, आणि साध्या पॉलिसीत तोच हिशोब आजही चालतो. बंपरसारख्या प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के कापतात. पत्र्याच्या भागांवर वयाप्रमाणे: पहिले सहा महिने काही नाही, मग ५, १०, १५, २५ असं वाढत चार ते पाच वर्षांच्या गाडीला ३५ टक्के. म्हणजे समजा नवीन दार १२,००० चं आहे, तर ४,२०० तुमच्या खिशातून. पण दार ठोकून सरळ केलं तर त्या मजुरीवर घसारा लागत नाही. साधी पॉलिसी तुम्हाला हळूच 'ठोका' म्हणत होती.

१ जानेवारी २००७ पासून विम्याचे दर मोकळे झाले आणि पुढच्या काही वर्षांत 'झिरो डेप' आलं. घसारा कंपनी सोसणार म्हटल्यावर ग्राहकाला नवीन दारच बरं वाटणार, आणि पार्ट विकणाऱ्या सर्व्हिस सेंटरलाही. आता पॉलिसी 'बदला' म्हणायला लागली. दार तेच, पोचा तोच, उत्तर मात्र कागदानं बदललं. आणि कंपनी सोसते म्हणून ते फुकट नसतं. झिरो डेपचा प्रीमियम जास्त असतो, आणि एक क्लेम केला की ५० टक्क्यांपर्यंत साठलेला नो क्लेम बोनस जाऊ शकतो.

मग आज आपण कसं ठरवायचं? माझ्या मते पहिला प्रश्न 'पोचा केवढा आहे' हा नाही. पहिला प्रश्न आहे, 'हे पॅनल गाडीला जोडलंय कसं?'

बॉनेट, डिकी, पुढचे फेंडर, दारं, बंपर ही पॅनल नट-बोल्ट, बिजागरी किंवा क्लिपनं बसवलेली असतात. इथे बदलणं हा फक्त पैशाचा प्रश्न आहे. कड फाटली असेल, तीक्ष्ण घडी पडली असेल किंवा पत्रा खूप ताणला असेल, तर बिनधास्त बदला. उथळ, गोलसर पोचा असेल तर ठोका.

मागचं क्वार्टर पॅनल, छत, दाराखालचा उंबरा हे मात्र वेल्ड केलेले असतात. कारखान्यात गाडीच्या बॉडीला काही हजार स्पॉट वेल्ड मारतात आणि मग ती अख्खी प्राइमरच्या टाकीत बुडवतात, म्हणजे सांध्याच्या आतपर्यंत गंजापासून संरक्षण पोचतं. क्वार्टर पॅनल बदलायचं म्हणजे हे सांधे कापायचे, आणि ती टाकी कोणत्याही गॅरेजमध्ये नसते. इथे 'नवीन म्हणजे चांगलं' हा हिशोब उलटतो. सरळ होण्यासारखं असेल तोवर मूळचं पॅनल ठेवणं शहाणपणाचं.

तिसरा भाग म्हणजे दोन दारांमधला खांब आणि आतला सांगाडा. इथे ना डेंटरचं ऐकायचं, ना ॲडव्हायझरच्या अंदाजाचं. तिथलं अति-मजबूत पोलाद गॅसनं तापवलं की ताकद गमावतं, आणि पुढच्या अपघातात आतल्या माणसाला तेच वाचवणार असतं. तिथे गाडी बनवणाऱ्या कंपनीची दुरुस्तीची लेखी पद्धतच चालते.

म्हणून पुढच्या वेळी डेंटरला विचारा, "पुट्टी किती जाड बसेल?" आणि ॲडव्हायझरला विचारा, "हे पॅनल बोल्टचं की वेल्डचं?" जो नीट उत्तर देईल त्याच्याकडे गाडी द्या. पत्रा सरळ करणारा हात आज आयटीआयमध्ये ट्रेड म्हणून शिकवला जातो, पण ते काम मागणारं गिऱ्हाईक राहिलं तरच तो हात टिकेल.

आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या गाडीचं कोणतं पॅनल ठोकलं आणि कोणतं बदललं, कमेंटमध्ये नक्की सांगा. भेटू पुढच्या भागात!