हवा किती ठेवायची?

परवा एका घरच्या लग्नाला सोलापूरला निघालो होतो. गाडीत आम्ही पाच जण, डिकी बॅगांनी गच्च भरलेली. पेट्रोल भरून झाल्यावर हवेच्या मशीनपाशी गाडी लावली. तिथल्या मुलाने पाइप हातात घेत सांगून टाकलं, "सगळीकडे ३५ करतो काका." मी म्हटलं, थांब जरा. दार उघडून आतल्या खांबावरचं स्टिकर बघितलं. दोन-तीन माणसं असतील तर किती, गाडी पूर्ण भरलेली असेल तर किती, पुढे किती, मागे किती. मी वाचत असताना मागच्या सीटवरून बाबांचा आवाज आला, "भरलेल्या गाडीचा आकडा बघ रे."

एवढंच बोलले. पण त्यामागे आमच्या घरातली १९८९ सालची एक गोष्ट आहे. ती सांगतोच, पण आधी थोडा इतिहास. कारण हा स्टिकरवरचा आकडा येतो कुठून, या प्रश्नाने मला गेली बरीच वर्षं पछाडलं आहे.

हवा भरलेल्या चाकाची कल्पना स्कॉटलंडच्या रॉबर्ट थॉमसनची. त्याने १८४५ साली पेटंट घेतलं आणि मग जग ते विसरूनही गेलं. पुढे बेलफास्टमधल्या जॉन बॉइड डनलॉप नावाच्या गुरांच्या डॉक्टरने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी तीच गोष्ट नव्याने शोधून काढली आणि १८८८ मध्ये पेटंट घेतलं. सुरुवातीच्या मोटारींचे टायर अरुंद असत आणि त्यांत ५०-६० पौंड हवा ठासून भरलेली असे. बसणाऱ्याची हाडं खिळखिळी होत. १९२० च्या दशकात रुंद, फुगीर 'बलून' टायर आले, हवा निम्म्यावर आली आणि मोटार ही घरातल्या सगळ्यांनी बसायची वस्तू झाली. म्हणजे हवेचा आकडा आणि कुटुंबाची गाडी यांचं नातं तेव्हापासूनचं आहे. कमी हवा म्हणजे आराम, हे समीकरणही तेव्हापासूनचंच.

आता एक साधी गोष्ट लक्षात घ्या. गाडीचं वजन रबर पेलत नाही, आतली कोंडलेली हवा पेलते. हवा कमी झाली की टायरच्या बाजूच्या भिंती प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकतात. वाकून वाकून टायर आतून तापतो. वजन जास्त, वेग जास्त आणि वर ऊन, असं तिन्ही एकत्र आलं की आतले थर सुटायला लागतात. बाहेरून मात्र टायर चांगला गुबगुबीत दिसतो!

तर आता अमेरिकेतल्या दोन गाड्यांची गोष्ट.

पहिली शेव्हरोले कॉर्व्हेअर, १९६० चं मॉडेल. मध्यमवर्गीय कुटुंबासाठी काढलेली सुटसुटीत गाडी, पण इंजिन मागे. साहजिकच बहुतेक वजनही मागे. अशी गाडी वळणावर जोरात घेतली की मागची बाजू बाहेर फेकली जाते आणि गाडी भोवऱ्यासारखी फिरू शकते. शिवाय तिच्या मागच्या चाकांची रचना अशी की जोराच्या वळणात चाक आत दुमडायची भीती. यावर उपाय म्हणजे पुढे एक आडवा स्थिरता-दांडा बसवणं. तो पहिल्या वर्षांत सरसकट बसवला गेला नाही. त्याऐवजी मालकाच्या हातातल्या पुस्तिकेत हवेचे आकडे दिले : पुढे १५ पौंड, मागे २६. पुढचे टायर मऊ ठेवले की वळणावर पुढची बाजू आधी घसरते, मागची जागेवर राहते, असा हिशोब. कागदावर हिशोब बरोबरच होता.

पण विचार करा, आपल्यापैकी किती जण पुस्तिका वाचतात? त्या काळी अमेरिकेत पंपावरचा माणूसच हवा भरून देई. त्याच्या आयुष्यात पुढे १५ हवा लागणारी गाडी कधी आलेली नसे. टायर बसलेला दिसतोय म्हणून तो चारही टायर सारखे करून टाकी. कुटुंब हसत हात हलवत निघून जाई आणि गाडीच्या स्वभावात काय बदल झालाय ते कुणालाच कळत नसे.

राल्फ नेडर या तरुण वकिलाने १९६५ साली 'अनसेफ अ‍ॅट एनी स्पीड' हे पुस्तक लिहिलं, त्याचं पहिलंच प्रकरण या गाडीवर. जनरल मोटर्सने त्याच्या मागावर खासगी गुप्तहेर लावले. ते उघडकीला आलं आणि १९६६ मध्ये कंपनीच्या अध्यक्षांना सिनेटच्या समितीपुढे माफी मागावी लागली. त्याच वर्षी अमेरिकेत वाहन सुरक्षेचा कायदा झाला. न्यायाने हेही सांगायला हवं की १९७२ साली सरकारी चाचण्यांचा निष्कर्ष असा निघाला की ही गाडी तिच्या बरोबरीच्या इतर गाड्यांपेक्षा जास्त धोकादायक नव्हती. तोवर तिचं उत्पादन बंद होऊन तीन वर्षं झाली होती. १९६४ च्या मॉडेलपासून तो दांडा सरसकट येऊ लागला होता आणि १९६५ मध्ये मागची रचनाही बदलली होती. म्हणजे चूक कुठे होती ते कंपनीलाही कळलेलं होतं.

दुसरी गाडी फोर्ड एक्स्प्लोरर. १९९० साली आली आणि अमेरिकेतल्या घराघरांत पोचली. मुलं, सामान, कुत्रा, सगळ्यांसकट प्रवासाला निघायची गाडी. उंच असल्यामुळे चाचण्यांत तिचा कल उलटण्याकडे दिसत होता. नंतर खटल्यांत बाहेर आलेल्या कागदपत्रांवरून दिसतं की इंजिन खाली घेणं, दोन चाकांमधलं अंतर वाढवणं असे पर्याय इंजिनिअरांपुढे होते. पण त्यासाठी गाडी बाजारात यायला उशीर झाला असता. त्याऐवजी स्प्रिंगांत थोडा बदल झाला आणि हवेचा आकडा ठरला २६. टायर फायरस्टोनचे. पुन्हा तेच! गाडीच्या रचनेतलं ओझं हवेच्या आकड्यावर टाकलं.

पुढचं वृत्तपत्रांत वाचलेलं अनेकांना आठवत असेल. टेक्सास, फ्लोरिडा, अ‍ॅरिझोना, कॅलिफोर्निया अशा गरम राज्यांत, भरलेल्या गाड्या महामार्गावर वेगात असताना टायरचा वरचा थर सुटून यायचा आणि गाडी उलटायची. ऑगस्ट २००० मध्ये फायरस्टोनने वापरात असलेले अंदाजे ६५ लाख टायर परत बोलावले. सरकारी संस्थेकडे नोंदलेल्या मृत्यूंची संख्या शेवटी २७१ वर गेली. फायरस्टोन म्हणे, हवा ३० हवी होती, २६ मध्ये टायरला गुंजाइशच राहिली नाही. फोर्ड म्हणे, त्याच गाडीवर त्याच २६ हवेत गुडइयरचे टायर नीट चालले, दोष तुमच्या टायरचा. चौकशीत टायरमध्ये दोष असल्याचं निष्पन्न झालं. पण मला वाटतं दोघांचंही थोडं थोडं खरं होतं. टायर कच्चा होता आणि त्या कच्च्या टायरला सांभाळून घ्यायला चार पौंड हवासुद्धा जास्तीची नव्हती.

मे २००१ मध्ये दोन कंपन्यांची जवळजवळ ९५ वर्षांची सोयरीक तुटली. सोयरीक शब्दशः बरं का! फोर्डचे तेव्हाचे चेअरमन हेन्री फोर्डचे पणतू, आणि आईकडून हार्वी फायरस्टोनचेही पणतू. २००० सालीच नवा कायदा झाला आणि त्यातून हवा कमी झाली की डॅशबोर्डवर दिवा लावणारी यंत्रणा अमेरिकेतल्या नव्या गाड्यांना सक्तीची झाली, २००८ च्या मॉडेलपासून पूर्णपणे. आपल्याकडच्या बऱ्याच नव्या गाड्यांत दिसणारा तो पिवळा दिवा असा आला आहे.

आता आमची गोष्ट. मे १९८९. सोलापूरला आत्याकडे मुंज. (हे वाचणाऱ्या नातेवाइकांपैकी निम्मे तरी त्या मुंजीला होते.) बाबांची जुनी फियाट, आत सहा माणसं, वर कॅरिअरवर वळकट्या आणि लाडवांचे डबे. आजीची पाठ दुखायची म्हणून बाबा हवा नेहमी चार-पाच पौंड कमी ठेवत. "गाडी मऊ चालते," म्हणत. भिगवण मागे पडल्यावर भर दुपारी मागचा डावा टायर फाटला. गाडी झोकांड्या खात रस्ता सोडून मुरमात गेली आणि बाभळीच्या अलीकडे थांबली. आजीचं मनगट मोडलं. बाकी सगळे बचावलो.

त्याच टायरचं पंक्चर आदल्या आठवड्यात पुण्यात काढलं होतं. परत आल्यावर बाबा फाटका टायर घेऊन त्या पंक्चरवाल्याकडे गेले आणि भर रस्त्यात त्याला नको नको ते बोलले. मी शेजारी उभा होतो. त्याने शांतपणे टायर उलगडला, आत हात फिरवला आणि काळी भुकटी बाबांपुढे धरली. "साहेब, माझा पॅच जागेवर आहे बघा. हवा कमी होती. टायर आतून जळालाय." बाबांनी ऐकून घेतलं नाही. मीही नाही. त्या दुकानात आम्ही परत कधी गेलो नाही आणि घरात वर्षानुवर्षं 'त्या पंक्चरवाल्यामुळे आजीचा हात मोडला' असंच सांगितलं गेलं.

फोर्ड आणि फायरस्टोनचं भांडण वाचताना मला ती काळी भुकटी आठवली. एका रविवारी बाबांना सगळं वाचून दाखवलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "त्याचं दुकान आहे का रे अजून?" आम्ही गेलो. दुकान नव्हतं. रस्ता रुंद झाला होता, शेजारच्यांनाही ठाऊक नव्हतं तो कुठे गेला.

बाबांचं वाईट वाटतं ते यासाठी की त्यांनी आईच्या पाठीसाठीच हवा कमी ठेवली होती. त्या इंजिनिअरांचाही हिशोब कागदावर चुकीचा नव्हता. पण हवा पेलते फक्त वजन. आपल्या सोयी, घाई, माया हे सगळं तिच्यावर टाकलं की ती कधीतरी हात टेकते, आणि मग दोष द्यायला समोर कुणीतरी पंक्चरवाला सापडतो.

असो. भाषण पुरे. मंडळी, एवढं करा : हवा सकाळी, टायर थंड असताना बघा. गाडी चालवल्यावर आकडा तीन-चारने चढतो, तो 'जास्त झालाय' म्हणून सोडू नका. टायरच्या अंगावर छापलेला आकडा ही कमाल मर्यादा असते, तेवढी भरायची नसते. बघायचं ते दाराजवळचं स्टिकर, आणि लग्नाला निघाला असाल तर भरलेल्या गाडीचा रकाना.

परवा त्या मुलाने मागे जास्त, पुढे थोडी कमी अशी मी सांगितली तशी हवा भरली. "असं कुणी सांगत नाही काका," म्हणाला. मी पैसे द्यायच्या आत बाबांनी काच खाली करून त्याच्या हातात पन्नासची नोट ठेवली. नको नको म्हणत होता, पण बाबांनी हात मागे घेतला नाही.